लाल गाडी आणि मंद्रूपचा चिखल

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
फेब्रुवारी १९७९

राजमान्य राजेश्री साडूबुवा विरुपाक्ष यांस, अण्णारावाचा दोन्ही हात जोडून शरणार्थ. इकडे आम्ही सगळे आहोत तसे आहोत, तिकडचं कळवावं. अकलूजच्या डॉक्टरांनी भात-साखर बंद करून वजन उतरवायला सांगितलंय, असं सुंदरम्माअक्कांच्या पत्रात वाचलं. किती उतरलं ते मोघम नको, नीट कळवा. घाईनं उतरवू नका, एवढंच माझं मत. साखर कारखान्याच्या गावात राहून साखर सोडणं बरंही दिसत नाही.

तुम्हाला दिलेली आमची काळी अँबॅसडर सुखात असेल. ती गेल्यापासून दारात धाकट्या भावाची, पंचाक्षरीची, लाल जर्मन गाडी उभी आहे. तो मुंबईला नोकरीवर गेला आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, अण्णा, हिची पुढची चाकं ओढतात, मागची नुसती मागनं येतात. मी म्हटलं, बरं. (इतकी वर्षं गाडी चालवतोय, हा मला चाकं शिकवणार!) गाडी म्हणजे एक डबी आहे. बाजूला दारं दोनच, आणि पाठ अख्खीच्या अख्खी वर उघडते. शेजारच्या सोनाबाई त्यात पापड वाळत घालू का, असं विचारून गेल्या. स्टिअरिंग डाव्या अंगाला, त्यामुळं पुढची बैलगाडी ओलांडायची तर शेजारच्यानं वाकून बघायचं आणि आपण त्याच्या तोंडाकडं बघायचं. दिसायला एवढीशी, पण पाय जरा दाबला की स्टिअरिंग हातात हिसडे देतं आणि पोट पाठीला लागतं. अँबॅसडर मागून ढकलायची. वळणावर तिची शेपूट हलली की आपण सावरून घ्यायचो, हातालाच सवय होती. ही वळणावर नाक सरळ दामटते. पहिल्याच दिवशी मी वळलो, गाडी वळली नाही, आणि समोरच्या सूतवाल्याची पायरी मोडली. तो अजून बोलत नाही.

पण पायरीचं काय घेऊन बसलात! आपल्या पोरीचं, विजयमालेचं, मंद्रूपच्या स्थळाशी जमत आलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आधीची दोन स्थळं मोडली, ती काही तिच्या पायी नव्हे, तरी बोल पोरीलाच लागला. आणि हा मुलगा तिला मनापासून आवडलाय. (तिनं सांगितलेलं नाही. पण मंद्रूपचं नाव निघालं की माझ्या चहात साखर दोनदा पडते.) हेही मोडलं तर पोर गप शिकवणीला निघून जाईल, आणि तेच मला बघवणार नाही. त्या घरात मुलाच्या आईचा, काशम्मांचा, शब्द शेवटचा. वडील चनमल्लप्पा नुसते हुंकार देतात. म्हणून दोघांना आपलं घर दाखवायला मी स्वतः, थाटात, लाल गाडीतून आणायला गेलो.

निघताना त्यांनी ज्वारीचं पोतं दिलं, ते पाठीमागं टाकलं. शिवेपर्यंत ठीक होतं. पुढं कुणाचा तरी पाट फुटून वाटेवर काळ्या रानाचा चिखल झाला होता, त्यात गाडी रुतली. अशा वेळी काय करायचं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं: मागं वजन टाकायचं. (तुमच्या लग्नात दोन करवल्या डिकीत बसवून अँबॅसडर काढली होती, आठवतं का?) मी काशम्मांना मान देऊन खाली उतरवलं, चनमल्लप्पांना मागं सरकवलं, रानातले दोन गडी बोलावून पोत्यावर बसवले आणि पाय दाबला. पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, आणि सगळा चिखल दाराशी उभ्या काशम्मांच्या नव्या इरकल लुगड्यावर. मी म्हटलं, वजन कमी पडतंय. आणखी एक गडी कोंबला, आणखी पाय दाबला. या खेपेला चिखल कपाळाच्या विभूतीपर्यंत गेला.

"अय्यय्यो, पुरे की!" काशम्मा ओरडल्या. "ज्याला गाडी हाकता येत न्हाय, त्याच्या घरची पोरगी नको मला!"

साडूबुवा, म्हटलं, हे तिसरं स्थळही गेलं. आत यायला त्या तयार नाहीत, खाली चिखल, बाईंचे गुडघे दुखत होते. त्यांनी आमच्याकडं पाठ फिरवली आणि रागारागानं बॉनेटवर बसल्या. (अंगानं तुमच्याच मापाच्या आहेत.) गाडीचं नाक खाली गेलं. माझा पाय भीतीनं तसाच दाबलेला होता. चाकांनी जमीन धरली आणि गाडी निघाली! गडी उघड्या पाठीतून मागच्या मागं सांडले. मी थांबवणार, तोच पुढून हुकूम आला, "आता उतरवू नका. डांबरीपर्यंत चला!" मला समोर फक्त इरकल दिसत होती. चनमल्लप्पा पुढच्या सीटवर सरकून, खिडकीतून डोकं काढून डावं-उजवं सांगत होते. इतकं बोलताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकलं.

डांबरी आल्यावर त्या आत बसल्या, घर बघितलं, चहा घेतला, निरोप धाडते म्हणाल्या आणि एस.टी.नं गेल्या. तेव्हापासून माझ्या चहात साखरच पडत नाही. अक्कांना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
अण्णाराव

ता. क. खरं सांगायचं तर पत्र यासाठीच लिहिलं: लग्न ठरलंच तर अँबॅसडर तेवढी परत पाठवा. ही लाल बया मला उभ्या जन्मात नको.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच निरोप आला. स्थळ पक्कं! विजयमाला आत पळाली, माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली. व्याह्यांनी मला सगळ्यांच्या पुढं बसवून आणलं, असं काशम्मा मंद्रूपभर सांगत सुटल्यात. सुपारी फोडायला यायलाही त्यांना तीच लाल गाडी पाहिजे. मात्र लुगडं पुन्हा नवं असल्यामुळं या खेपेला त्या आत बसणार, आणि पाट अजून तसाच फुटलेला आहे. बॉनेटवर कुणीतरी वजनदार हवं. तेव्हा अँबॅसडर राहू द्या, तुम्ही स्वतः या. भात-साखर आजपासून सुरू करा. येताना एक जुनं धोतर आणा.