उंच सीट

४ मार्च, मंगळवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, घरचं कमोड उंच करा, मगच सोडते." हिच्या खुब्यात नवा सांधा बसवलाय. खोल बसली तर निखळेल म्हणे. एवढंच ना! उंच सीट बाजारात मिळते. लावतो.

सगळं त्या जुन्या सीटनं केलं. सैल होती, सरकली, ही आपटली.

लेकीचा फोन — "बाबा, आईला माझ्याकडेच नेते. इथं सगळी सोय आहे." सोय म्हणे! माझी बायको माझ्याच घरी येणार. ठेवला फोन.

५ मार्च
सीट आणली. बसेना! आमचं भांडं लांबट, सीट गोल. दुकानदार म्हणतो, "काका, माप न घेता चप्पल तरी घेता का?" आगाऊ मेला. पण बदलून दिली.

आता जुनी निघेना. बोल्ट गंजून दगड झालेत. वरून फिरवला की खालचा नटही त्याच्याबरोबर गरगर. दुपारभर भांड्याला मिठी मारून पडलो होतो. शेजारीण दारातून — "प्लंबरला बोलवू का हो?" नको म्हटलं. दोन बोल्टांसाठी वरात कशाला!

६ मार्च
करवतीच्या पात्यानं कापले बोल्ट. बोटही कापलं. असो.

सीटच्या मागे हात पोचत नाही. इतकी वर्षं ही कशी घासत होती कोण जाणे. कधी विचारलं नाही.

नवी बसवली. बसून पाहिलं — डावीकडे कललो, उजवीकडे कललो. हलत नाही! भिंतीला धरायला दांडाही ठोकला. लेकीला कळवलं — तुझी सोय राहू दे तुझ्यापाशी.

घर फार गप्प आहे. रेडिओ लावला, बंद केला.

७ मार्च
उद्या आणायची. टॅक्सी सांगितली. हिला निरोप — तयार राहा, खोळंबा नको.

८ मार्च
नाही आली. लेकीकडे गेली.

टॅक्सी घेऊन दवाखान्यात गेलो, तर लेकीसमोरच ही म्हणाली, "अहो, तुम्ही सीट पक्की बसवली असणार, ठाऊक आहे मला. पण जुनी त्या दिवशी हललीच नव्हती. तुम्ही दार बडवलंत — 'झालं का, झालं का' — मी घाबरून उठले नि पाय सटकला. मला आता वेळ लागतो हो. लेक दार वाजवत नाही."

मी म्हटलं, "बरं, मग येणार कधी? ते सांग लवकर!"

तिनं लेकीकडे पाहिलं. म्हणाली, "बघ."