पदराने पुसलेला चष्मा

५ फेब्रुवारी
इंदूरला डोळ्यांत लेझर मारून घेऊन आज घरी आलो. वाटेत इतवाऱ्यातल्या दुकानांच्या पाट्या चष्म्याशिवाय वाचल्या, घरी आरशात स्वतःलाही पाहिलं. पाट्यांच्या आनंदावर आरशातल्या अनोळखी चेहऱ्याने विरजण टाकलं. धाकटी बहीण ज्योत्स्ना डोळ्यांत थेंब घालायला दापोऱ्याहून आलीय. तिचा खरा डोळा इच्छापूरच्या स्थळावर. विमलला जाऊन दोन वर्षं झाली, आता बस कर दादा, त्या जाड भिंगांत घुबड दिसायचास, म्हणते. आता म्हणे एकदम हीरो!

७ फेब्रुवारी
जुना चष्मा टीव्हीवर धूळ खात होता. आज उशाशी सापडला, लख्ख पुसलेला. विमल रोज असंच करायची. चहा ठेवायची, माझ्या नाकावरून चष्मा उचलायची, पदराने पुसून परत चढवायची. वीस वर्षांच्या संसारात तिने मला बिनचष्म्याचं पाहिलं ते तेवढंच, तेही नजर काचेवर ठेवून. ज्योत्स्नाला विचारलं. त्या पीडेला मी कशाला हात लावू, म्हणाली.

९ फेब्रुवारी
विमल दिसली. भर सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात. चितेवर नेताना नेसवलेली तीच अबोली साडी. काच खराब आहे म्हणावं, तर आता ती सबबही उरली नाही. हाक मारली. तिने पाहिलं, पदर सावरला आणि आत सरकली. घरात परका पुरुष शिरावा तशी.

१० फेब्रुवारी
ती मला शोधते आहे. मी खुर्चीत बसलेला, आणि ती मला वळसा घालून गच्चीवर बघून येते. थेंबांचा परिणाम असेल, असं म्हणत ज्योत्स्नाने अंगारा लावला. दुपारी गावी निघून गेली. घरात कुणी बाई रडते म्हणाली.

११ फेब्रुवारी
अहो, कुठे आहात — एवढंच म्हणते. मी ओ देतो. ती दचकते, भिंतीला चिकटते. भुताने मला घाबरवायचं, तर मीच तिला —
संध्याकाळी उंबऱ्यापर्यंत गेली. एकदा बाहेर पडली तर पुन्हा —

१२ फेब्रुवारी
जुना चष्मा चढवलाय. सुधारलेल्या डोळ्यांना सगळं धुकं. वही नाकाला लावून लिहितो.
पदराची सळसळ. चहाचा वास. ओळखलं तिने. हो विमल, मीच —
हात पुढे आला. आज नको पुसूस —
काढला. पुसते आहे. किती स्पष्ट दिसते. मान अजून खाली, काचेवर —
विमल, वर बघू नको