जिवंत माणसाला वाहिलेली फुलं

ओकायामा, २७ ऑक्टोबर

प्रिय इवाओ,

सात वेळा फोन केला, एकदाही उचलला नाहीस. आठव्यांदा तुझ्या बायकोने, नोरिएने उचलला आणि हळूच म्हणाली, "तेत्सुरो-सान, हे सकाळपासून उडोनच्या शेवयांची कणीक पायांनी तुडवताहेत. गिऱ्हाईक दहाजणांचं, कणीक झालीय चाळीसजणांची. आत्ता नकाच बोलू." गुडघे गेले म्हणून बेसबॉल सोडलास आणि आता त्याच गुडघ्यांनी कणकेवर राग काढतोयस. धन्य आहे बाबा तुझी! मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. तू म्हणे मिनातोला बजावलंस, की नवीन वर्षाला घरी यायचं नाही, दुकानाचा उंबराही चढायचा नाही. एकुलतं एक पोर, वीस वर्षांचं. आणि हे सगळं माझ्या निरोपाच्या सामन्यावरून. म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, त्यात आता खांदाही साथ देत नाही. सांभाळून घे.

मी दमलोय रे इवाओ. खोटं कशाला सांगू? तीन वर्षांपासून जेवताना चमचाही डाव्या हाताने धरतो. खांद्यावर औषधी पट्ट्यांचे इतके थर असतात, की साचिए म्हणते, नवऱ्याशी नाही, दवाखान्याशी लग्न केलंय मी. मोसमभर दुसऱ्या फळीच्या संघात पोराटोरांबरोबर पळत होतो. ती पोरं मला 'सर, सर' करायची आणि माझा चेंडू मारताना बिचारी अवघडायची. तेवीस वर्षं एकाच संघात काढली, एकाच मैदानाची माती नखांत भरून घेतली, आता नखं कापली तरी ती जात नाही. निवृत्त होतोय असं व्यवस्थापकांना सांगितलं, तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. आली ती झोप. घरी येऊन अकरा तास झोपलो.

आपण दोघं अठराव्या वर्षी एकाच दिवशी संघात आलो, आठवतं? वसतिगृहात तुझी चटई माझ्या चटईला लागून. चेंडू झेलणाऱ्या कॅचरला सगळे चेंडू टाकणाऱ्या पिचरची बायको म्हणतात, तशी तुलाही माझी बायको म्हणायचे, आणि तू खरोखरच बायकोसारखा कटकट करायचास. "झोपला नाहीस ना रात्री? चेंडू जांभया देतोय." त्याच वसतिगृहामागे जाळी बांधून आपण तो आपला चेंडू बसवला. सरळ येतोय असं वाटावं आणि बॅटपाशी आल्यावर मटकन खाली बसावा. दोन हिवाळे लागले त्याला. त्या चेंडूवर मी पुढे घर चालवलं, नाव कमावलं. पण तो मातीत आपटला की अंगावर झेलायचास तू. तुझ्या छातीवर कायम दोन-चार निळे डाग असायचे. पुढे मिनातो चालायला लागला, तसा जाळीमागे बादली उपडी घालून बसायचा आणि चेंडू खाली बसला की टाळ्या पिटायचा.

आणि ओनोदेरांचा निरोप आठवतो का? आठवत नसेल तर आठव. आपण चोवीस वर्षांचे होतो. समोरच्या संघाचा म्हातारा पिचर शेवटचा एक गडी खेळवायला उभा, आणि तो गडी नेमका तू. रीत काय ती आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. अशा वेळी बॅटरने तीनदा हवेत बॅट फिरवायची, बाद व्हायचं, टोपी काढून वाकायचं आणि म्हाताऱ्याला सुखाने घरी जाऊ द्यायचं. तू ते चोख केलंस. लोक रडत होते, ओनोदेरासुद्धा रडत होते. तू मात्र येऊन माझ्या शेजारी धप्पकन बसलास आणि म्हणालास, "तेत्सुरो, जिवंत माणसाला फुलं वाहून आलो रे. माझ्या वेळी कोणी असं केलं, तर मी त्याचं तोंड पाहणार नाही." मी हसलो होतो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

आता त्या रविवारच्या सामन्याचं. तू बॅटर उभा राहतो त्या पाटीमागच्या तिसऱ्या रांगेत बसला होतास, दुकानाचा निळा सदरा घालून. मी पिचरच्या टेकाडावर चढलो आणि पहिल्यांदा तुलाच शोधलं. मोसमाचा शेवटचा सामना, गुणतक्त्यात कोणाचंच काही अडलेलं नाही, दुपारचं ऊन, मैदान खच्चून भरलेलं. मिनातो समोरच्या संघात, त्यांनी मुद्दाम त्यालाच पहिला बॅट घेऊन पाठवला. माझ्या कॅचरचा मुलगा, वर्तमानपत्रांना गोड फोटो मिळाला असता. पहिला चेंडू सरळ टाकला, तो हुकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरगं किती गुणी म्हणून. दुसरा बाहेरून वळवला, तोही हुकला. पुन्हा टाळ्या. पण मी समोर होतो ना. त्याचे डोळे, त्याची कंबर, बॅटचा तो आवाज! ते हुकणं खरं होतं. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने दोनदा खरोखर चकवलं त्याला. कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता मला. मग आमच्या नव्या कॅचरने खुणेने सरळ चेंडू मागितला आणि मी मानेनेच नाही म्हटलं. मला आपला चेंडू टाकायचा होता. टाकला. छान बसला होता रे तो, तुझी शपथ. पण जाळीमागे बसून ज्याने तो हजारदा पाहिला, त्याला काय चकवणार? त्याने असा हाणला, की चेंडू मैदानाच्या डाव्या भिंतीवरून पार बाहेर गेला.

त्यानंतरचं तूही ऐकलंस. शिट्ट्या, आरडाओरडा. "लाज नाही का रे?" "म्हाताऱ्याचा मान ठेवता येत नाही?" पोराला धावायचंही सुचेना. मान खाली घालून चारही पाट्या फिरून आला. आणि तू उठलास. एवढ्या लोकांसमोर, जागच्या जागी, कंबरेत वाकलास. मुलाच्या वतीने माफी मागत तसाच वाकून राहिलास. मी टेकाडावरून पाहत होतो. ज्या माणसाने माझे हजारो चेंडू अंगावर झेलले, तो लोकांपुढे वाकलेला. मी मात्र काही केलं नाही. समारंभात मिनातोने मला पुष्पगुच्छ दिला, तेव्हा त्याच्या तोंडाकडे न बघता घेतला. दुसऱ्या दिवशी नेमका तोच फोटो सगळीकडे छापून आला. माझी वळलेली मान, त्याचा पडलेला चेहरा. मग माझ्या हातात माइक आला आणि मी सगळ्यांचे आभार मानले. मैदानावर पाणी मारणाऱ्या काकांचे मानले, वसतिगृहातल्या आचारीणबाईंचे मानले, त्यांच्या मांजराचेही मानले. लोक हसले. संघातल्या पोरांनी मला हवेत उडवून झेललं. तोवर तुझी खुर्ची रिकामी झाली होती.

त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, "कुसुनोकी-सान, त्या कारट्याने तुमचा शेवट नासवला." आणि मी हसतो. हसतो म्हणजे काय, मूग गिळून बसतो. मिनातो खेळतो तिथेही त्याच्याशी कोणी धड बोलत नाही म्हणे. काल त्याला फोन केला. म्हटलं, तू बापाला सांगून का टाकत नाहीस? तर म्हणतो, "काका, शब्द दिला होता ना तुम्हाला." एवढंच. जास्त एक अक्षर नाही. अगदी तुझ्यासारखा आहे मेला.

तर ऐक. सामन्याच्या आदल्या दिवशी, सरावानंतर, मीच त्याला गाठलं. म्हटलं, उद्या मला फुलं वाहू नकोस, मी अजून जिवंत आहे, असेल नसेल ती ताकद लावून मार. तो रडकुंडीला आला. "बाबा मला घरात घेणार नाहीत, काका." मी म्हटलं, बाबांना सांगायचंच नाही, कोणालाच सांगायचं नाही, हा आपल्या दोघांतला शब्द. त्याने माझी शेवटची इच्छा पाळली. आणि मी काय केलं? मनातून मला वाटत होतं की मी जिंकणार. हरल्यावर तो खरेपणा घशाखाली उतरेना. माइक माझ्या हातात होता, इवाओ. "मीच सांगितलं होतं," एवढे तीन शब्द म्हणायला जीभ उचलली नाही, कारण त्या क्षणी मला राग आला होता त्याचा. त्या भरल्या मैदानात एकट्या तुझ्या पोराने मला पिचर समजलं, बाकी सगळे मला पोचवायला आले होते, आणि मी त्याच्याकडेच पाठ फिरवली. आज सकाळी वर्तमानपत्राला सगळं लिहून दिलंय, उद्या छापून येईल. पण तुला ते तिथून कळू नये, म्हणून माणसाच्या हाती हे पत्र आजच समुद्रावरचा पूल ओलांडून तुझ्याकडे पाठवतोय. येत्या रविवारी, दुकान उघडायच्या आधी, मी मिनातोला घेऊन येतोय. त्याला आत घे. मला घेतलं नाहीस तरी चालेल, मी बाहेर उभा राहीन. आणि त्या दिवशी तू ज्यांच्यापुढे वाकलास त्यांच्यापुढे नाही, तुझ्यापुढे आणि त्याच्यापुढे वाकेन. ओनोदेरांच्या वेळी तू जे म्हणालास, ते तुझा मुलगा करून दाखवून गेला. तू विसरला असशील. मी विसरलो नव्हतो, फक्त मला ते झेपलं नाही.

तुझाच,
तेत्सुरो