खडेमीठ, बर्फ आणि ह्यांचा हात

४ मे, रविवार
चेंडू परत पलंगाखाली! फिजिओथेरपीवाली तेजल बजावून गेली होती — काका, उजव्या हाताने रोज दाबायचा. ह्यांचं उत्तर, "मी काय रांगतं पोर आहे?"
जानेवारीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हात नुसता मांडीवर पडून. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस, आता चहाचा कपही डाव्या हाताने. तेजल म्हणते, आत्ता वापरला नाही तर कायमचा जाईल. मला फार भीती वाटते. दाखवत नाही.

६ मे
शेजारच्या शकीलाभाभींकडून आईस्क्रीमचा पॉट आणला! लाकडी बादलीचा, हँडल फिरवायचा. "ले जाओ ताई, आमच्याकडे नुसता धूळ खातोय."
ह्यांना म्हटलं, मला एकटीला नाही बाई जमत. डाव्या हाताने बादली दाबून धरा, उजवा नुसता हँडलवर ठेवा. "आयुष्यभर पाण्याची वाफ केली, आता बर्फ करायला बसवतेस?" — पण बसले! मी पंच्याने बोटं हँडलला बांधली. थोडं फिरवलं, घामाघूम झाले. पुढचं मी फिरवलं. आणि मीच दीडशहाणी! मधेच झाकण उघडून बघितलं, बर्फातलं मिठाचं पाणी आत. असलं खारट आईस्क्रीम! दोघं पोट धरून हसलो. किती दिवसांनी.

९ मे
बर्फात मीठ कशाला, असं मुद्दाम विचारलं. झालं, साहेब सुरू! मिठाने बर्फ वितळतो, वितळायला उष्णता लागते, ती तो आतल्या दुधातून ओढतो. म्हणून दूध गोठतं. "आणि नुसतं पाणी गोठायला लागलं ना, की शून्यावर अडून बसतं बघ. पारा हलत नाय. वाटतं, काहीच होत नाय. पण उष्णता बाहेर चाललेलीच असते. सगळं गोठलं, की मग पारा खाली."
बोलताना उजवा हात हँडलवर फिरत होता — त्यांचं लक्षच नव्हतं! मी नुसता बर्फ घालत राहिले.
मग आतलं घट्ट व्हायला लागलं, हँडल जड झालं आणि हात थांबला. लगेच चिडले. "नाय होत माझ्याच्यानं." पातळच खाल्लं.

११ मे, रविवार
केशर आंब्याचं. मी पंचा बांधायला गेले तर हे म्हणाले, "राहू दे." बोटं आपली आपण वळली! हळूहळू, पण वळली. हँडल जड झालं तरी सोडलं नाही. शेवटी ते हलेचना — म्हणजे गोठलं! मला रडूच आलं. आंबा डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.
तेजलला फोन केला, ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. ह्यांना मात्र पॉट म्हणजेच व्यायाम ह्या आमच्या दोघींच्या कटाचा पत्ता नाही. सांगायचाही नाही. कळलं तर पॉटही पलंगाखाली जायचा.

१२ मे
तुझी वही टेबलावर उघडी होती. वाचली. कट पहिल्याच दिवशी कळला होता, पण आईस्क्रीम कोण सोडतं? भीती वाटली तर मला सांगत जा. एवढं लिहायला सकाळ गेली. अक्षर वाकडं आलंय. उजव्या हाताचं आहे.