मिहोशी बोलण्यापुरतं जपानी

९ जून

ओचा ओ कुदासाई — मला चहा द्या. एवढं आलं! फोनमधल्या अ‍ॅपचं कार्टून टाळ्या वाजवतं. जन्मभर शाळेत पोरांना शाब्बास म्हटलं, आता रिटायर झाल्यावर फोन मला म्हणतो.

कशासाठी शिकतेय ते लिहून ठेवते. आमचा मुलगा हेमराज फेब्रुवारीत वारला. तिकडे जपानात, नागोयाला, ऑफिसात, बसल्या खुर्चीत. आईबापाचे पासपोर्टच नव्हते. तिकडेच सगळं उरकलं, आम्ही वर्ध्यात बसून फोनवर पाहिलं. अस्थी सुनेकडे आहेत. मिहोला मराठी येत नाही, नात अंजूला तर नाहीच. पुतण्या विवेकने इंग्रजीत विचारून पाहिलं. उत्तर — थोडा वेळ द्या. यांना धीर नाही. "पवनारले धाम नदीत सोडल्याबिगर पोराले गती नाई," एवढंच म्हणतात. दुसरं काही बोलतच नाहीत.

म्हणून ठरवलं, मीच मागीन. तिच्या भाषेत. आईनं मागितलं तर देईल.

१५ जून

रडू येत नाही. आजही नाही. वांगी आणली, फोडणी दिली, धडा केला.

३० जून

जपानी बालगीतं लावून स्वयंपाक करते. शब्द हाती लागत नाहीत, चाल तेवढी राहते. मोबाईलवर एक चित्रांचं पुस्तक सापडलं — अस्वल दात घासतं. अख्खी दुपार गेली त्या अस्वलाचे दात स्वच्छ व्हायला!

शेजारच्या प्रमिलाबाई खिडकीशी आल्या. "काऊन वं ज्योत्स्ना, तुह्या घरचं पोरगं गेलं अन् तू गाणे लावून राह्यली?" त्या गेल्या. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

२१ जुलै

आज विवेकशिवाय पहिल्यांदा व्हिडिओ कॉल केला. मुद्द्याचं काढायचं नव्हतं, नुसतं बोलून पाहायचं होतं. अंजू जेवत होती. तिच्या मागे कपाटावर, भाताच्या कुकरशेजारी, एक चौकोनी डबा — वरून पांढरं रेशमी कापड, छान गाठ मारलेलं. कोणाच्या लग्नातली मिठाई असेल, वाटलं. मला 'डबा' येत होतं, 'सुंदर' येत होतं. लगेच वापरलं. किती सुंदर डबा! आत काय आहे?

अंजू म्हणाली, "पापा."

मिहोने मान खाली घातली. मला तरी चटकन उमगलं नाही. आपल्याकडे अस्थींचं गाडगं बाहेर झाडाला बांधतात, उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. घरात, भाताजवळ — कसं सुचावं मला? स्वतःच्या लेकाच्या अस्थी मी मिठाई म्हणून नावाजल्या.

फोन ठेवला आणि पोळ्या करायला घेतल्या.

२२ जुलै

यांना सांगितलं. सांगायला नको होतं. "घरात ठेवले? जेवाच्या खोलीत?" विवेक म्हणाला, थोड्या मागून घेऊ काका, थोड्या तिच्याकडे राहू द्या. "अर्ध्याले कायची गती? सगळे पाह्यजे!" भांडण काही झालं नाही. भांडायला जोर कोणात आहे!

११ ऑगस्ट

अ‍ॅपमध्ये विमानतळ आहे, हॉटेल आहे, हरवलेली छत्रीसुद्धा आहे. मरण नाही. अस्थींसाठीचा शब्द शब्दकोशात शोधावा लागला. पुढे मात्र तेच — कुदासाई. चहा मागायचा आणि मुलाची हाडं मागायची, माझ्याजवळ वाक्य एकच!

आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. माझी मलाच भीती वाटली.

१८ ऑगस्ट

हे पवनारला गेले होते, विसर्जनाचं भटजींशी बोलायला. मी फोन लावला. मागितल्या. सगळ्या हव्यात, हेही म्हटलं.

मिहो म्हणाली — हो, आई. डिसेंबरच्या सुट्टीत स्वतः घेऊन येते. 'आई' तेवढं मराठीतून. हेमराजनं शिकवलं असणार.

सुटले एकदाची, असं वाटलं. तेवढ्यात अंजू पुढे आली, झोपायचे कपडे घालून. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बोलली आणि मला शब्द न् शब्द कळला, मनात मराठी करावी लागली नाही — पापा आजीकडे गेले तर मी रात्री 'ओयासुमी' कोणाला म्हणू?

ओयासुमी म्हणजे झोपताना म्हणायची शुभरात्री. म्हणजे रोज त्या डब्याला म्हणते पोर. आणि मी तो मागून बसले.

नेटवर्क गेल्यासारखं करून फोन बंद केला. हे परत आले तेव्हा सांगितलं, फोन लागला नाही.

१९ ऑगस्ट

धडा केला नाही. यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

२५ ऑगस्ट

"लाव फोन, मी बसतो इथं," हे म्हणाले. अगदी खेटून बसले. लावला. मिहोला जपानीत सांगितलं — आणू नकोस. अंजूजवळ राहू दे त्याला. कायमचं. बोलता बोलता रडू फुटलं, थांबेचना. पलीकडे तीही रडत होती.

यांना एक अक्षर कळलं नाही. "काय म्हन्ते ते? देऊन राह्यली का?"

"हो. देतो म्हन्ते. अंजू मोठी झाली का घेऊन येते."

"मंग रडून काऊन राह्यली?"

"बरं वाटलं," म्हटलं.