शेवटची आठ पावले

५ नोव्हेंबर १९५७
हे गेल्याचा चौथा दिवस. दुपारी एल्सी आली. दारातच उभी, नर्सचे पांढरे कपडे, डोळे सुजलेले. वन्सं आतून म्हणाल्या, "ही कोण गं?" मी म्हटले, कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स. दर हिवाळ्यात ह्यांच्या जोडीने सिमल्याला पात्यांचे बूट घालून बर्फावर नाचते, दोनदा दुसरा नंबर आणला, हे वन्संना माहीत आहे. मुद्दाम विचारले.
एल्सी म्हणाली, "शेवटी माधवला शुद्ध नव्हती." अकरा वर्षांत उखाणा सोडून ते नाव मी तोंडाने घेतले नाही. ती सहज घेते.
ताप चढला ते दोन दिवस मी चाकणला होते. पाणी तिने पाजले.

७ नोव्हें.
ह्यांचा एकट्याचा धड फोटो नाही. आहे तो सिमल्याचा, दोघांचा. भावजी कापून घ्यायला गेले. फोटोवाला म्हणाला, बाई काढतो, पण खांद्यावरचा हात निघायचा नाही. तसाच आणला. चार बोटे दिसतात. हार जाड घातला तर झाकली जातात.

११ नोव्हें.
दहावा. पवनेचा घाट. पिंड ठेवले, कावळा येईना. समोर बाभळीवर बसून होता. भावजी म्हणाले, "दादा, आईला सांभाळीन." नाही. "वहिनीला अंतर देणार नाही." नाही. ऊन चढले. चाकणचे चुलतसासरे चिडले. "आरं, त्याचा जीव त्या बर्फात आडाकलाय. त्ये बोला की!" एल्सी लांब पायरीवर उभी होती. सगळ्यांनी तिकडे पाहिले. मग भावजी, "दादा, यंदाचा नाच पुरा होईल. एल्सीबाई जातील. राहिलेलं वहिनी शिकवेल."
बोलणे संपायच्या आत कावळा खाली.
सगळ्यांना हायसे वाटले. माझ्या नावाने नाही आला. तिच्या नावाने आला.

१२ नोव्हें.
भावजींवर राग. पण खोटे बोलले नाहीत. खडकीचा लाकडी हॉल फक्त रविवारी मिळे, तिथे हे आणि एल्सी चाकांच्या बुटांवर. बाकीचे दिवस हे स्वयंपाकघरात सराव करत. पाट भिंतीला, शहाबादी फरशीवर पाय घसरावा म्हणून शंखजिऱ्याची पूड, पायांत मोजे. एल्सीच्या जागी मी. यंदाचा शेवट नवीन बसवला, तो तिने पाहिलाच नाही. आजारपण आले.
फटीतली पूड अजून निघत नाही. निघते तेवढी काढत नाही.

२४ नोव्हें.
एल्सी शिकायला आली. मी ह्यांच्या जागी उभी. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास, तोच ह्यांच्या सदऱ्याला रविवारी यायचा.
"वहिनी, पाय तुडवलात!"
"चुकून."
चुकून नाही.
थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही मोजता ते अगदी माधवसारखं. तीनला जरा थांबून." मला बरे वाटले. लगेच वाटले, हिला कसे माहीत. मग वाटले, हिला नाही तर कुणाला.
वन्सं दारातून, "सुतक फिटलं तसा नाच सुरू झाला वाटतं!" मी ग्रामोफोनवर रेकॉर्ड पुन्हा लावली.

१ डिसेंबर
सगळे शिकवून झाले. शेवटची आठ पावले सोडून.
"पुढे?"
"एवढेच."
"वहिनी, रेकॉर्ड तर पुढे वाजते आहे."
"ह्यांनी एवढेच बसवले होते."
तिने रेकॉर्ड थांबवली. बुटांची पिशवी उचलली, गेली.
ती आठ पावले इथेही लिहीत नाही.

३ डिसें.
सकाळपासून कुंपणावर कावळा. तीनदा हाकलला.

८ डिसें.
एल्सी सिमल्याला गेली. भावजी स्टेशनावर पोचवून आले. तिथे शिकवणारे एक सरदारजी जोडीला उभे राहणार आहेत. त्यांच्याबद्दल मला काहीच वाटत नाही. नवल आहे.

२८ डिसें.
एल्सीचे पत्र. मराठी अक्षर लहान मुलीसारखे. "वहिनी, तुम्ही शिकवलेलं सगळं जमलं. मात्र शेवटी रेकॉर्ड वाजत राहते आणि आम्ही नुसते उभे राहतो. सरदारजी म्हणतात, आपण काहीतरी घालू. मी नको म्हटलं. माधव सूर वाया घालवणारा नव्हता, तुम्हांलाही माहीत आहे. स्पर्धा चार जानेवारीला. तोवर वाट पाहते."
दोनदा वाचले. रागवायला जागाच ठेवली नाही तिने.
दुपारची जेवणे झाल्यावर पाट भिंतीला लावले. एकटीने आठही पावले करून पाहिली, मग कागद घेतला. सात लिहिली. कुठला पाय, कुठे वळायचे, सगळे.
आठव्याला हे थांबत आणि माझा हात आपल्या कपाळाला लावत. रोज. मी म्हणे, पुरे आता, भाजी लागेल. ते हसत.
ते नाचातले होते की घरातले, विचारायचे राहिले.
नाचातले असेल तर तिचे आहे. कावळ्याला शब्द दिलेला आहे.
पाकिटावर पत्ता लिहिला. अजून चिकटवले नाही. टपाल चार वाजता निघते.