एका बाहीचा स्वेटर

४ डिसेंबर
धाकट्या जावेनं समोरची जागा पटकावली. अर्थातच! सासूबाई खिडकीशी, ही त्यांच्या पुढ्यात गुडघ्याला गुडघा लावून. आणि मी, थोरली सून — मागे कपाटाला खेटून, सासूबाईंच्या खांद्यावरून डोकावत.

सासऱ्यांचा स्वेटर सासूबाईंनी स्वतः कातलेल्या लोकरीचा. एक बाही राहिली आणि त्यांचे हात थरथरायला लागले. विणायला शेजारीण तयार आहे, पण धागा घरचाच हवा. त्यांच्या एकेरी धाग्याचा एक गुंडा शिल्लक आहे, जोडीला दुसरा पदर पाहिजे. "दोघी कातायला शिका. जिचा चांगला, तिचा घेऊ."

माझाच घेतील. घ्यायलाच हवा.

६ डिसेंबर
टकळी पायावर आपटली. परत. परत! नाकातोंडात लोकर.

९ डिसेंबर
सासूबाईंना आता धूसर दिसतं, पारख सगळी बोटांनी. हिचा धागा चाचपला — "केसासारखा गं!" माझा चाचपला — "हं. सुतळी लागली तर सांगते." सासरे खोकल्याचं निमित्त करून हसले.

वर ही म्हणते, "पण ताईंचा मजबूत आहे." तुला विचारलं कुणी? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१३ डिसेंबर
ही चार दिवस माहेरी गेली. टकळी घेऊन! मीही दिवसभर कातत बसले. गाठीच गाठी.

२० डिसेंबर
आज निकाल. हिचाच धागा! आणि दोन पदर एकत्र पिळायला कुणाला सांगावं? मला!

पिळले. पण पदर एकमेकांना धरेनात. सासूबाईंचा सुटून भुसभुशीत झाला, हिच्या धाग्याची वेटोळी झाली. सासऱ्यांनी हिला टकळी फिरवायला लावली आणि ओरडले, "अगं, ही उलटी फिरवतेय!"

समोर बसून आरशात बघावं तसं शिकली ना! पीळच उलटा पडला. मी मागून बघितलं, सासूबाईंच्याच बाजूनं, म्हणून माझा सुलटा. कपाटाला खेटून बसल्याचं सार्थक झालं!

माझा धागा जोडला. धरला! सासूबाई म्हणाल्या, "सुतळी तर सुतळी." हिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

२८ डिसेंबर
बाही झाली. दुसरीपेक्षा जाड. सासरे म्हणतात, हा हात जास्त ऊबदार! येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मी आपली तिथेच घुटमळते.

२ जानेवारी
हिच्या खोलीत कात्री आणायला गेले. टोपलीच्या तळाशी एक गुंडा. केसासारखा धागा. पीळ बघितला — सुलटा!

तेवढ्यात ही आली. "हा कधी कातलास?"

"माहेरी. सासूबाईंचा हातभर धागा नेला होता, माझ्या धाग्याशी पिळून बघितला, तेव्हा चूक कळली."

"मग त्या दिवशी हा का नाही काढलास?"

"दुपारी डुलकी लागली तरी तुमची बोटं टकळी फिरवल्यासारखी फिरत असायची, ताई."

"आणि ते पडलेलं तोंड?"

"पाडायला नको?"

कात्री न घेताच परत आले. हेवा अजून वाटतोच. आता धाग्याचा नाही.